घर बघायला सुरुवात करण्यापूर्वी नेमकी कोणती तयारी करावी?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेली ८ वर्षे आम्ही भाड्याच्या घरात राहत आहोत आणि पुढच्या वर्षभरात स्वतःचे घर घ्यावे, असे आता मनाने घेतले आहे. घरात आम्ही दोघे, ४ वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशी चार माणसे आहोत. दोघांनाही नियमित पगार आहे, आणि आम्हाला परवडेल असे वाटणाऱ्या घराच्या किमतीच्या साधारण एक चतुर्थांश एवढी बचत हाताशी आहे. दुसरे कोणतेही कर्ज डोक्यावर नाही.

कर्जाची प्राथमिक चौकशी केली तेव्हा, आम्ही मनाशी धरलेल्या रकमेच्या जवळपास दीडपट कर्ज मिळू शकेल, असे सांगण्यात आले. ते ऐकल्यापासून घरात दोन मते पडली आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, पगार वाढतच जातील, घर पुन्हा पुन्हा घेतले जात नाही, तेव्हा मिळते तेवढे कर्ज घेऊन एक खोली जास्त असलेलेच घर घ्यावे. मला मात्र त्या हप्त्याचा आकडा पाहूनच धास्ती वाटते, पण ती धास्ती रास्त आहे की निव्वळ सवय नसल्यामुळे आहे, हे मला ठरवता येत नाही.

गेल्या रविवारी आम्ही सहज म्हणून दोन घरे पाहिली. दुसऱ्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट ओट्यावर येत होता, आणि सासूबाई त्या ओट्यावर हात ठेवून बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या. मध्यस्थाने लगेच, मंगळवारपर्यंत इसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, दिला नाही तर घर दुसऱ्या कोणाकडे जाईल, असे सांगितले. आम्ही इसार दिला नाही. पण न देण्याचे कारणही आम्हाला धड सांगता आले नाही, आणि दिला असता तर कोणत्या आधारावर दिला, हेही सांगता आले नसते. म्हणून पुन्हा एखादे घर पाहायला जाण्याआधी आपली तयारी पुरी असावी, असे वाटते. कर्जाची मर्यादा कशी ठरवावी, बचतीतले किती पैसे घालावेत, घर पाहताना काय पाहावे आणि कागदपत्रांच्या बाबतीत कुठे सावध राहावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

मुद्दल यांचा प्रतिसाद

तुमची धास्ती रास्त आहे, आणि ती का रास्त आहे हे आकड्यांतून दाखवता येते. कर्जाच्या अर्जांची छाननी करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसते हे आधी सांगतो. कर्ज देणारा तुमचे उत्पन्न, चालू असलेली इतर कर्जे, पूर्वीच्या परतफेडीचा इतिहास आणि तारण म्हणून येणाऱ्या घराचे मूल्य एवढे पाहतो. तुमच्या मुलीचे शिक्षण आता सुरू होणार आहे, सासूबाईंचे वय वाढते आहे, तुमच्यापैकी एकाला पुढे दोन वर्षे नोकरी सोडून घरी थांबावेसे वाटू शकते, यांतले काहीही त्या अर्जात लिहिलेले नसते. त्याने सांगितलेला आकडा ही त्याच्या जोखमीची मर्यादा आहे. तुमची मर्यादा तुम्हालाच काढावी लागेल.

आता हिशेब पाहा. कर्ज १०० मानू, व्याजदर वर्षाला ९ टक्के आणि मुदत २० वर्षांची, म्हणजे २४० हप्त्यांची. महिन्याचा हप्ता साधारण ०.९० येतो. पहिल्या हप्त्यातले ०.७५ व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून फक्त ०.१५ कमी होतात. ५ वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यानंतरही सुमारे ८९ एवढे मुद्दल बाकी असते, आणि निम्मे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात. घेतलेल्या १०० च्या बदल्यात एकूण २१६ भरले जातात. हीच मुदत ३० वर्षे केली तर हप्ता ०.८० होतो, म्हणजे जेमतेम अकरा टक्क्यांनी उतरतो. भरायची एकूण रक्कम मात्र २९० पर्यंत जाते. उलट १५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे तेरा टक्क्यांनी वाढतो आणि एकूण रक्कम १८३ वर येते. मुदत वाढवून मोठे कर्ज 'बसवून' देण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तेव्हा हे आकडे जवळ असू द्या.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कर्ज घेतल्यानंतर लगेच दर ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० हप्त्यांचे कर्ज फिटायला ३१४ हप्ते लागतात. एका टक्क्याने सहा वर्षांहून अधिक काळ वाढतो. अमेरिकेत २००७-०८ च्या सुमारास गृहकर्जांचे जे संकट उभे राहिले, त्यात पहिली दोन-तीन वर्षे कमी दर आणि नंतर चढा दर अशा पद्धतीची कर्जे घेतलेली कुटुंबे मोठ्या संख्येने अडचणीत आली, कारण त्यांनी आपली ऐपत सुरुवातीच्या हप्त्यावरून जोखली होती. म्हणून आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त दर धरून हप्ता काढावा आणि तो पेलतो का, ते पाहावे.

पण कागदावर पेलणे वेगळे आणि दर महिन्याला पेलणे वेगळे, आणि याच कारणासाठी मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: कर्ज घेण्याआधी निदान सहा महिने त्या कर्जाचा हप्ता भरून पाहा. दीडपट कर्जाचा हप्ता काढा, त्यात नव्या घराचा देखभालखर्च, कर आणि विम्याचा अंदाज मिळवा, त्यातून आजचे भाडे वजा करा, आणि उरेल तेवढी रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याला हात लावायचा नाही. सहा महिन्यांत एकदाही पैसे काढावे लागले नाहीत, तर यजमानांचे म्हणणे खरे ठरेल आणि तुमची धास्ती आपोआप जाईल. काढावे लागले, तर ते कशासाठी आणि किती काढावे लागले, यावरूनच खरी मर्यादा कळेल. आम्ही दोघांनी हे अकरा महिने केले. चौथ्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि सातव्या महिन्यात गाडीच्या दुरुस्तीसाठी त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तेव्हा आम्ही कर्जाचा आकडा पाचव्या हिश्शाने खाली आणला आणि थोडे लहान घर घेतले. त्या काळात जी रक्कम साठली, ती वर बचतीत जमा झाली.

राहिला प्रश्न बचतीचा. सगळी बचत घराच्या किमतीत घालू नका. हप्ता धरून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहील, एवढे आधी काढून ठेवा. शिवाय घराच्या किमतीखेरीज सरकारी शुल्क, नोंदणी, वकील, मूल्यांकन, कर्जप्रक्रियेचे शुल्क, सामान हलवणे आणि पहिल्या दोन महिन्यांतल्या लहानमोठ्या दुरुस्त्या हे खर्च असतातच. त्यांचे दर ठिकाणानुसार पुष्कळ बदलतात, म्हणून ज्या भागात घर घ्यायचे आहे तिथले दर विचारून एका कागदावर मांडून ठेवावेत. यांपैकी बहुतेक खर्च कर्जात बसत नाहीत, खिशातूनच करावे लागतात.

ओळंबा यांचा प्रतिसाद

वरच्या हिशेबाशी पूर्ण सहमत आहे. मी घर पाहण्याबद्दल लिहितो, कारण त्या बाबतीत आम्ही केलेल्या चुकीची किंमत आम्हाला बरीच वर्षे मोजावी लागली.

आम्ही आमचे घर कोरड्या हवेत, सकाळी अकराच्या सुमारास आणि एकदाच पाहिले. रंग नुकताच दिलेला होता, खोल्या उजेडाने भरलेल्या होत्या, आणि झोपण्याच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीला लागून एक मोठे लाकडी कपाट होते. ते सरकवून पाहावे असे आमच्या मनातही आले नाही. दुसऱ्याच्या कपाटाला हात लावायचा संकोच वाटला. ताबा मिळाला, कपाट गेले, आणि मागे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीचा रंग किंचित गडद दिसला. बोट फिरवले तर पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथे पोपडे सुटले आणि गिलावा नखाने पडू लागला. ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार असतात. विटांत आणि चुन्या-सिमेंटात असलेले क्षार पाण्यात विरघळतात, ते पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे भुकटी दिसली की भिंतीतून पाण्याची ये-जा चालू आहे किंवा कधीतरी होती, असे समजावे. वरून रंग दिल्याने काही होत नाही. पाणी येते कुठून, ते शोधावे लागते. आम्ही दोनदा रंग दिला आणि तिसऱ्या वेळी बाहेरच्या बाजूचा सगळा गिलावा काढून नव्याने करावा लागला.

म्हणून आता कोणी विचारले तर मी सांगतो की, पसंत पडलेले घर निदान तीन वेळा पाहावे: एकदा दिवसा, एकदा रात्री, आणि जमल्यास मोठा पाऊस पडून गेल्यावर. संकोच न करता कपाटे, पडदे आणि भिंतीवर टांगलेल्या तसबिरी बाजूला करायला सांगावे. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर कारण विचारावे. न्हाणीघराच्या पलीकडची भिंत, खिडक्यांखालचा भाग आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली येणारे छत या तीन ठिकाणी हात लावून पाहावे, कारण ओल डोळ्यांआधी हाताला कळते.

भेगांच्या बाबतीत उगाच घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा बहुतेक घरांत असतात, त्या गिलावा सुकताना पडतात. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी दिसणारी भेग मात्र पाया किंवा बांधकाम हलल्याचे लक्षण असू शकते. त्याच खोलीचे दार चौकटीत अडकत असेल, किंवा जमिनीवर ठेवलेल्या पाणसळीतला (सपाटी तपासण्याच्या साधनातला) बुडबुडा मधे थांबत नसेल, तर पुढे बोलण्याआधी बांधकाम अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. तशी ती कोणत्याही घराची करूनच घ्यावी, असे माझे मत आहे. त्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे नगण्य असते आणि त्याच्या लेखी अहवालावर किमतीची बोलणीही करता येतात.

पाण्याची एक सोपी परीक्षा आहे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवावा आणि घर पाहून झाल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहावा. कोणी पाणी वापरले नसताना आकडा सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. त्यानंतर दोन-तीन नळ एकदम सोडून धार कितपत उतरते, तेही पाहावे. मोजपट्टी बरोबर न्यावी आणि खोल्या स्वतः मोजाव्यात. सांगितलेल्या क्षेत्रफळात भिंती, जिना आणि सामायिक जागा किती धरल्या आहेत, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्या पलंगाची, फ्रिजची आणि दारांची मापे लिहून न्यायला विसरू नका.

सासूबाई बरोबर राहतात म्हणून आणखी दोन गोष्टी. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट बंद पडली तर त्या किती होतील, हे मोजा. न्हाणीघराच्या दाराची रुंदीही पाहा, कारण चाकाची खुर्ची किंवा आधाराला धरलेला माणूस त्यातून जाऊ शकला पाहिजे. आज गरज नसली तरी घर वीस वर्षांसाठी घेतले जाते.

किल्लीजोड यांचा प्रतिसाद

मंगळवारपर्यंतची मुदत ऐकून तुम्ही इसार दिला नाही, हे अगदी योग्य केले. मी मालमत्तेच्या कागदपत्रांचे काम करतो, तेव्हा त्याबद्दल लिहितो.

विकणारा माणूस घराचा मालक आहे का, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नसतो. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला, ज्यात सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, अशी हमी सरकारनेच घेतली. पुढे अनेक देशांनी ती पद्धत उचलली. पण पुष्कळ ठिकाणी आजही दुसरी पद्धत चालते, जिच्यात सरकार फक्त व्यवहाराचा दस्त नोंदवते आणि विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही, याची जबाबदारी घेत नाही. अशा ठिकाणी दस्त नोंदलेला आहे एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते; आजच्या मालकाकडे घर कोणाकडून आले, त्याच्याकडे कोणाकडून आले, अशी मागची साखळी कडी-कडीने तपासावी लागते. तुमच्या भागात कोणती पद्धत लागू आहे, हा तुमच्या वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न असू द्या. आणि वकील तुमचा असावा. विकणाऱ्याने किंवा मध्यस्थाने सुचवलेला वकील कितीही चांगला असला तरी त्याच्यावर विसंबू नये.

साखळीत सर्वांत जास्त वेळा निसटणारी कडी म्हणजे वारस. वडिलांच्या नावावरचे घर तीन भावंडांपैकी एकजण विकत असेल, तर बाकीच्या दोघांच्या सह्या किंवा त्यांनी हक्क सोडल्याचा दस्त लागतो, आणि भावंडांपैकी कोणी दूर राहते किंवा कोणाशी बोलणे नाही, असे कळले की तिथे थांबलेच पाहिजे. एका व्यवहारात मी अशा एका सहीसाठी सात महिने वाट पाहिलेली आहे, आणि त्या कुटुंबाने तेवढा काळ इसार न देता काढला म्हणूनच ते निभावले. कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने दुसऱ्याला दिलेल्या लेखी अधिकारावर, व्यवहार होत असेल तर ते आजही चालू आहे का आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे पाहावे. घरावर पूर्वीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद हवी, नुसती तोंडी खात्री नको. घरात भाडेकरू असल्यास त्याने जागा सोडल्यावरच शेवटची रक्कम द्यावी.

इसार देताना करार लेखी करावा आणि त्यात दोन अटी घालाव्यात: कर्ज नामंजूर झाले तर इसार पूर्ण परत मिळेल, आणि मालकीहक्कात दोष निघाला तरीही परत मिळेल. या अटींना नकार देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घर हातचे जाईल या भीतीने माणसे इथेच सर्वांत जास्त फसतात. बांधकाम चालू असलेल्या घराच्या बाबतीत मंजूर नकाशे, बांधकामाची परवानगी आणि ताबा द्यायला उशीर झाल्यास भरपाईचे कलम हेही पाहावे लागते, पण तुमचा प्रश्न तयार घराबद्दल दिसतो, म्हणून त्यात शिरत नाही.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी मिळून हे सगळे वाचले आणि दीडपट कर्जाच्या हप्त्यातून भाडे वजा करून फरक काढला. आकडा पाहून यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच येत्या पगारापासून वेगळे खाते सुरू करू, असे सुचवले. सहा महिने घरे फक्त पाहायची, मोजपट्टी घेऊन आणि इसाराचा विषय न काढता, असेही ठरले आहे. सासूबाई म्हणाल्या की, ऊन येणारी खिडकी दुसऱ्या घरालाही असेल.

मुद्दल, एक शेवटची शंका आहे. आम्हा दोघांना वर्षातून एकदा पगाराव्यतिरिक्त काही रक्कम मिळते. तिच्या भरवशावर मोठे कर्ज घ्यावे, की लहान कर्ज घेऊन ती रक्कम कर्जात भरावी?

मुद्दल यांचा प्रतिसाद

लहान कर्ज घ्यावे आणि ती रक्कम कर्जात भरावी. अशी रक्कम एखाद्या वर्षी मिळत नाही, हप्ता मात्र त्या महिन्यातही भरावाच लागतो. वरच्याच उदाहरणात, दर वर्षाच्या शेवटी एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचे कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटते. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दल सर्वांत जास्त असते, त्यामुळे तेव्हा भरलेल्या जादा रकमेचा फायदाही सर्वांत जास्त होतो. फक्त सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आधी पुरी करा, आणि तिला हात लागला असेल तर त्या वर्षीची रक्कम तिथे जाऊ द्या.

करारावर सही करण्यापूर्वी मुदतीआधी पैसे भरल्यास शुल्क लागते का, हे विचारून घ्या; काही करारांत, विशेषतः स्थिर दराच्या कर्जांत, ते लागते. जादा रक्कम भरताना ती मुद्दलात वळती करावी आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. पुष्कळदा तसे न सांगितल्यामुळे मुदत तशीच राहते आणि हप्ता तेवढा कमी होतो, किंवा ती रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून धरली जाते. पुढच्या महिन्याचे विवरण आले की बाकी मुद्दल नेमके तेवढ्याने उतरले आहे का, ते स्वतः वजाबाकी करून पडताळा.